साताऱ्यात नेमबाजी सुरू करायचीय, आणि गावच्या माळ्यावर सापडलेल्या ठासणीच्या बंदुकीचं काय करू?

गोडोलीकर:
नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात गोडोलीला राहतो, एमआयडीसीत नोकरी, वय ३४. प्रश्न दोन आहेत पण एकाच ठिकाणी विचारतो कारण माझ्या डोक्यात दोन्ही एकमेकांत गुंतलेत.

पहिला नेमबाजीचा. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं ना, तेव्हापासून हे डोक्यात शिरलंय ते जातच नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा माणूस, म्हणजे आपल्याच भागातला की. त्याआधी मला नेमबाजी म्हणजे जत्रेतले फुगे एवढंच माहीत होतं, आता रात्री जेवण झालं की फायनलचे जुने व्हिडिओ लावून बसतो. मला स्पर्धा वगैरे खेळायची नाही, संध्याकाळी कामावरून आल्यावर तासभर मन लावून करता येईल असं काहीतरी पाहिजे, आणि मुलगी आहे १२ वर्षांची, ती पण मागं लागलीय की पप्पा मला पण शिकवा. आमच्या गच्चीची लांबी ११ मीटर भरते. तर एअर रायफलला परवाना लागतो का? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरंच सांगतात. एकजण म्हणाला पॉइंट टू टू वालीच घे, ताकद जास्त असते. बजेट १५-२० हजार.

दुसरं म्हणजे, मेढ्याकडं आमचं जुनं घर आहे, त्याचं छप्पर उतरवताना माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक सापडली. चुलत आजोबा रानडुकरं हाकलायला वापरायचे असं आत्या सांगते. लाकूड अजून चांगलं आहे पण नळी गंजलीय. मला जुन्या वस्तूंचा नाद आहेच, शिंगाची दारूदाणी (बंदुकीची दारू ठेवायची) आणि एक तोफगोळा अगोदरपासून माझ्याकडं आहे. रविवारी गाडीत घालून साताऱ्याला आणावी, घासूनपुसून हॉलमध्ये भिंतीवर लावावी असा विचार आहे. गंज काढायला काय वापरू?

कोरेगावचा फौजी:
रविवारी गाडीत घालून आणायची नाही. हे आधी वाचा, बाकीचं मागनं.

दोन कारणं आहेत. कायद्याचं कारण इथले जाणकार सांगतीलच, मी बंदुकीचं सांगतो. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरतात, आणि आपल्याकडं डुकराच्या भीतीनं रात्री बार भरून ठेवायची पद्धत होती. डुक्कर आलंच नाही तर तो बार तसाच राहायचा. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक, कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनी पण पेट घेते, तिला मुदत नसते. म्हणजे तुमच्या आजोबांनी शेवटचा बार भरला आणि उडवला नाही असं असेल तर ती आज पण भरलेलीच आहे असं धरून चला. नळीत डोळा घालून बघू नका, घोडा ओढून बघू नका, गंज सुटतो म्हणून कुणी नळी गरम करायला सांगेल त्याचं तर अजिबात ऐकू नका, आणि तो ग्राइंडर घेऊन फिरणारा भाचा प्रत्येक घरात एक असतो, त्याला लांब ठेवा.

भरलेली आहे का हे बघायची जुनी रीत अशी की लाकडी काठी नळीत अलगद शेवटपर्यंत सोडायची, तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठीचं टोक मागं कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकापर्यंत, पोचलं तर मोकळी, चार बोटं अलीकडं थांबलं तर आत काहीतरी आहे. पण हे पण तुम्ही करू नका, ज्यानं अशा बंदुका हाताळल्यात त्याच्याकडून करून घ्या, आणि आत बार निघाला तर तो काढायचं काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं. आम्ही पलटणीत आयुष्य घालवलं, तिथं रिकाम्या बंदुकीला पण भरलेलीच समजतात. हा नियम एअरगनला पण तसाच लागू आहे, मुलीला शिकवताना पहिला धडा हाच द्या.

आणि तो तोफगोळा नुसता भरीव लोखंडाचा आहे का पोकळ, ते पण बघून घ्या. त्याला भोक किंवा बूच असेल तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

वाईचा संग्राहक:
फौजी काकांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी कायद्याचं आणि जुन्या वस्तूंचं सांगतो, थोडं लांबेल.

भावा, बंदूक जुनी आहे म्हणून ती आपोआप शोभेची वस्तू होत नाही. नळी चालू असेल तर ती बंदुकच. आपल्याकडं खेड्यात ज्या ठासणीच्या बंदुका असतात त्यातल्या बऱ्याच पीक संरक्षणाच्या परवान्यावर दिलेल्या असतात, तर आजोबांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या मागं, सातबाऱ्याच्या पिशवीत कुठंतरी परवान्याचं छोटं पुस्तक असू शकतं, ते आधी शोध. त्यावर एस.बी.एम.एल. असं लिहिलेलं असेल, म्हणजे एकनळी ठासणीची. ते सापडलं तर तुझं निम्मं काम झालं. मूळ परवानाधारक वारले की घरच्यांनी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडं जमा करायचं असतं, आणि मग वारसानं जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करायचा, २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, तर आत्याला आणि चुलत्यांना आत्ताच विश्वासात घे, आमच्याकडं अशा प्रकरणात बंदूक एका बाजूला राहते आणि भावकीच सुरू होते.

पुस्तक नाही सापडलं तरी घाबरू नको. बंदूक जागेवरच राहू दे, फोटो काढ, आणि त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात स्वतः लेखी अर्ज घेऊन जा की घराचं काम करताना अमुक तारखेला अशी वस्तू मिळाली. पोहोच घेतल्याशिवाय निघू नको. जमा करायला सांगितलं तर कर आणि त्याची पावती घे. आपण होऊन गेलेला माणूस आणि नाक्यावर गाडीत बंदूक सापडलेला माणूस यात लई फरक पडतो.

आता कुणीतरी तुला सांगेल की केंद्रानं २०२० मध्ये क्युरिओ म्हणजे पुरातन छोट्या हत्यारांना सूट दिली. दिली, पण ती नुसती ठेवण्यापुरती आहे, वापरायला, बरोबर घेऊन फिरायला, इकडून तिकडं न्यायला परवाना लागतोच. आणि तुझी बंदूक क्युरिओत बसते का नाही हे तू आणि मी ठरवायचं नाही, ते कागदावर यायला पाहिजे. शिवाय शंभर वर्षं ओलांडलेली असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा पण विषय येतो, परदेशात विकणं-पाठवणं तर विसरूनच जायचं.

गंजाबद्दल. काथ्या, पॉलिश पेपर, ब्रासो, यातलं काही लावू नको! जुन्या लोखंडावर जो गडद तपकिरी थर असतो तो त्या वस्तूचं वय आहे, तो घासून नळी चकचकीत केली की अभ्यासकाच्या दृष्टीनं वस्तू मेली. कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची, हलक्या तेलाचा हात फिरवायचा, लाकडाला कच्चं जवसाचं तेल अगदी थेंबभर, बस्स. ते पण कागदपत्रं झाल्यावर.

तोवर तुला खरंच नाद असेल तर फोटोवरून अभ्यास सुरू कर, यात वर्षानुवर्षं रमता येतं. चापाच्या वरची पट्टी बघ. तोडा म्हणजे पेटती वात धरायचा चिमटा आणि रंजक म्हणजे पेटवायची बारीक दारू टाकायची वाटी असेल तर तोड्याची, घोड्याच्या तोंडात गारगोटी धरायची सोय असेल तर चकमकीची, आणि बारीक बोंडीवर तांब्याची टोपी बसत असेल तर टोपीची, ही एकोणिसाव्या शतकात रुळली. कितीतरी बंदुका मुळात चकमकीच्या, नंतर टोपीच्या करून घेतलेल्या असतात, पट्टीवर बुजवलेली जुनी भोकं दिसली की ओळखायचं. मुकुट आणि टॉवर असा शिक्का दिसला की लोक लगेच इंग्रजांची म्हणून नाचतात, पण तो शिक्का गावठी लोहारांनी पण पोत्यानं मारलेला आहे. अक्षरं वाकडीतिकडी असतील, स्पेलिंग चुकलं असेल तर ती इथंच घडलेली. आणि मला विचारशील तर तीच जास्त मोलाची, कारण आपल्याच मुलखातल्या कुणा कारागिरानं भट्टीवर नळी जोडून ती केली आणि त्याचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

साताऱ्यात राहतोस तर छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय बघितलंच असशील, २०२४ ला लंडनची वाघनखं आली तेव्हा सगळे रांगा लावून तेवढीच बघून आले. पुन्हा निवांत जा आणि बाकीची हत्यारं बघ. पुण्यात केळकर संग्रहालय आणि कोल्हापूरला न्यू पॅलेस पण कर.

गोडोलीकर:
फौजी काका, वाईकर दादा, मनापासून आभार. रविवारचा बेत रद्द. आत्याला फोन केला, ती म्हणाली लोखंडी पेटीत एक लाल पुठ्ठ्याचं पुस्तक होतं, चुलतभाऊ बघून सांगतोय. तोफगोळा भरीव आहे, भोक नाही. आता एअर रायफलचं कुणीतरी सांगा.

तासगावकर:
एवढं काय टेन्शन घेता राव, एअरगनला काय परवाना-बिरवाना नसतो. पॉइंट टू टू घ्या, रानात बाटल्या लावा, पारवं हायती, मजा येते.

मिरजेचा दहा मीटरवाला:
तासगावकर, तुमचा राग नाही, पण यातल्या दोन गोष्टींमुळं माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढू शकतो म्हणून स्पष्ट लिहितो. २०१६ च्या नियमांप्रमाणं एअरगनची ताकद २० ज्यूलच्या आत आणि नळी ४.५ मिलीमीटरपर्यंत असेल तरच परवाना लागत नाही. ४.५ म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन. पॉइंट टू टू म्हणजे ५.५ मिलीमीटर, तिला परवाना लागतो, दुकानात कुणी काहीही सांगो. आणि पाखरं मारणं ही शिकार आहे, वन्यजीव कायद्याला बंदूक कुठली होती याचं काही देणंघेणं नाही. बाटल्या पण नको, काचेचे तुकडे रानात पडतात आणि छर्रा कुठं उसळेल सांगता येत नाही.

गोडोलीकर, तुमच्यासाठी ४.५ च. विकत घेताना आधार आणि पत्त्याचा पुरावा देऊन रीतसर बिल घ्या आणि जपून ठेवा. ताकदीच्या मागं लागू नका, ऑलिंपिकची १० मीटर एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, हौसेखातर घेतल्या जाणाऱ्या कित्येक एअरगनपेक्षा मऊ. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. लागते ती स्थिरता, आणि ती दुकानात मिळत नाही.

थोडं या खेळाचं माप सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल लोक यात वेडे का होतात. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा असतो, पेन टेकवल्यासारखा. छर्रा साडेचार मिलीमीटरचा, त्याची कड त्या ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य अडीच मिलीमीटरच्या आत पडला पाहिजे. आता हिशोब करा, पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आणि मागची साइट यात समजा ८० सेंटीमीटर अंतर आहे, तर साइट जुळवण्यात एक मिलीमीटरची चूक झाली की दहा मीटरवर साडेबारा मिलीमीटर चूक, दहाचा सहा-पाच होतो. स्पर्धेत असे ६० शॉट, आता गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. हे सगळं उभं राहून, रायफल साडेपाच किलोपर्यंतची.

तुमच्या बजेटात स्प्रिंगची रायफल येईल, प्रेसिहोलसारख्या देशी कंपन्यांच्या चांगल्या मिळतात. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर ह्या हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच रायफली लाखांच्या घरात, त्या आत्ता डोक्यातून काढा. स्प्रिंगवालीचा एक स्वभाव असतो, आतला पिस्टन जोरात पुढं जातो आणि छर्रा नळीतून सुटायच्या आत बंदूक हलते. म्हणून तिला आवळून धरायची नाही, डाव्या तळव्यावर नुसती ठेवायची, आणि दरवेळी त्याच जागी. छर्रा न घालता चाप ओढू नका, पिस्टन कोरडा आदळतो आणि सील जातं. छर्रे सपाट तोंडाचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण वाचता येतात. टोकदारवाले नकोत.

उभं राहताना डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, रायफलीचं वजन हाडावर गेलं पाहिजे, दंडावर नाही. मग डोळे मिटा, एक श्वास घ्या-सोडा, डोळे उघडा. माशी टार्गेटच्या डावीकडं असेल तर हातानं ओढून आणू नका, पाय सरकवा. ही एक गोष्ट कळली की निम्मी नेमबाजी कळली असं मला प्रामाणिकपणे वाटतं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, सहा-आठ सेकंदात शॉट नाही सुटला तर रायफल खाली घ्यायची, कितीही मोह झाला तरी. थकलेल्या डोळ्यानं आणि कोंडलेल्या श्वासानं सोडलेला शॉट कधी चांगला जात नाही. आणि एकेका शॉटमागं साइट फिरवत बसू नका, पाच मारा, त्यांचा पुंजका बघा, पुंजका एका जागी जमायला लागला की मगच साइटला हात लावा.

विश्रामबागची आई:
मुलीबद्दल मी लिहिते, माझी मुलगी शाळेपासून हेच करतेय.

दादा, आधी रायफल विकत घेऊ नका, आधी तिला घेऊन एखाद्या रेंजवर जा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारलंत तर शालेय नेमबाजी कुठं चालते, कोण शिकवतं हे कळेल, क्लबच्या रायफलीवर सुरुवात करता येते. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) असे वेगळे गट असतात, नवीन मुलांनी साध्या ओपन साइटवर सुरू केलं तरी चालतं. १२ व्या वर्षी मोठ्यांची रायफल मुलांच्या पाठीला जड होते, आमच्या सरांनी सुरुवातीला स्टँडच्या आधारावरच ठेवायला लावली, आणि कित्येक दिवस तर पांढऱ्या कोऱ्या भिंतीकडं नेम धरून नुसतं उभं राहायचं. मुलगी कंटाळेल असं मला वाटलं होतं, ती नाही कंटाळली. परीक्षेच्या आधी हात थरथरायचे तिचे, ते थांबले, ही माझ्यासाठी पदकाहून मोठी गोष्ट आहे.

छर्रे शिशाचे असतात हे विसरू नका. नेमबाजी करताना तोंडात काही टाकायचं नाही, झाल्यावर दोघांनी साबणानं हात धुवायचे, मगच चहा. डबीतला छर्रा दातात धरायची मुलांना सवय लागते, ती पहिल्या दिवशीच मोडा. नेमबाजीचा चष्मा दोघांनाही, बघणाऱ्यालाही.

आणि मुलीला तेजस्विनी सावंतबद्दल सांगा, राही सरनोबतबद्दल सांगा. दोघी कोल्हापूरच्या. तेजस्विनी २०१० ला म्युनिकला जगज्जेती झाली, भारताची पहिली महिला नेमबाज जगज्जेती, आणि राहीनं २०१८ च्या एशियन गेम्सला २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं. इथल्या मुलींनी हे केलंय हे कानावर पडलं की मुली वेगळ्या उभ्या राहतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

गोडोलीकर:
ताई, हे खूप उपयोगी पडलं, सोमवारी क्रीडा कार्यालयात जातो. पुस्तक सापडलं!! लाल पुठ्ठा, आजोबांचं नाव, एस.बी.एम.एल. असंच लिहिलंय, शेवटचं नूतनीकरण फार जुनं आहे. उद्या चुलतभावाला घेऊन अर्ज लिहितो. मिरजकर, एक शेवटचं, गच्चीवर १० मीटर होतंय तर तिथं करू का? आणि मागं काय लावू?

वाईचा संग्राहक:
झकास! पुस्तकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढ, मूळ प्रत कुणालाही देऊ नको, अर्जाबरोबर झेरॉक्सच जोड. आणि बंदुकीवर नंबर ठोकलेला असेल तर तो पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का ते फोटोवरून बघ, हात न लावता.

मिरजेचा दहा मीटरवाला:
गच्ची नको. एक छर्रा कठड्यावरून गेला की तो कुणाच्या अंगणात पडेल हे आपल्या हातात राहत नाही, आणि शेजाऱ्यांनी बंदूक बघून पोलिसांना फोन केला तर त्यांचं पण काही चुकलं नाही. घरात लांब बोळ किंवा हॉल-बेडरूम मिळून सरळ १० मीटर होत असेल तर ते बघा, मधला प्रत्येक दरवाजा कडी लावून बंद, कुणी अचानक मधे यायची वाटच राहिली नाही पाहिजे. नाहीच जमलं तर सहा-सात मीटरवर लहान टार्गेट लावा, सवयीला तेवढं पुरतं, १० मीटर रेंजवर जाऊन करा.

मागं भिंतीवर थेट मारू नका, छर्रा परत येतो. जाड लोखंडी पत्रा पेटीत तिरका बसवून घ्या, वरची कड तुमच्याकडं झुकलेली, म्हणजे छर्रा आदळून खाली पेटीत पडतो. कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. पेटीच्या तोंडाला जुनी जीन्स टांगा, उडालेलं शिसं आतच राहतं. नुसतं प्लायवूड चालत नाही, स्प्रिंगवाली त्यातून आरपार जाते. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटीमीटरवर घ्या, तीच स्पर्धेची उंची आहे, म्हणजे पुढं रेंजवर गेल्यावर उभं राहायची ढब बदलावी लागणार नाही. टार्गेटवर उजेड भरपूर, तुम्ही उभे राहता तिथं साधा, आणि डोळ्यावर थेट दिवा नको.

रायफल एका कपाटात कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या तुमच्याकडं. मुलगी कितीही चांगली मारायला लागली तरी किल्ल्या तुमच्याकडंच. क्रीडा कार्यालयात काय कळलं ते इथं लिहा, साताऱ्याकडचे अजून दोघंतिघं मला मेसेज करून हेच विचारतायत.